आत्याचं गाणं

बंदरावर जाळी शिवणारा हा माणूस इतकं हळू गातो की शेजारच्या बोटीचं इंजिन सुरू झालं तर थांबतो. तक्रार करत नाही, इंजिन बंद व्हायची वाट बघतो. जाळ्याची गाठ मारली की दोनदा ओढून बघतो, गिटारची तारही तशीच. काहीही सांगा, त्याचं उत्तर एकच, "बरां."

यंदा त्याचा पहिला अल्बम आला. आठ गाणी. सात त्याने माझ्यासमोर, जाळ्यावर बसून रचलेली. आठवं त्याच्या आत्याने रचलेलं. मी मोबाइलवर गीतकारांची नावं वाचली आणि डोकंच फिरलं. त्याच्या सातही गाण्यांपुढे कंपनीने लिहिलं होतं, 'पारंपरिक'. जाळी शिवणारा माणूस स्वतः गाणं कसं रचेल? आत्याच्या गाण्यात मोबाइल येतो, ते जुनं कसं असेल, म्हणून तेवढ्यापुढे ह्याचं नाव.

"अरे, भांड त्यांच्याशी," मी म्हटलं.

"जुनी वाटली असतील त्यांना. बरां."

पण आत्याचं नाव घाला म्हणून सांगायला त्याने तीनदा फोन केला. आठवड्याने दुरुस्ती झाली. आता आठही गाणी पारंपरिक, मोबाइलसकट.

मी त्याला ते दाखवलं. या वेळी तो 'बरां' म्हणाला नाही. शेजारचं इंजिन धडधडत होतं, तरी हातातली सुई ठेवून त्याने चौथा फोन लावला आणि इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाला, "आत्या पारंपरिक नाय हो. ती समोर बसून बांगडे विकतेय."