दिव्यांचे पंखे

वायर जळल्याचा वास आला की मला अजूनही अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, संताप येतो. मोठे गेम न अडखळता चालतील असा कॉम्प्युटर मला माझ्या पगारातून जुळवायचा होता, आणि अण्णा कोरमंगलात सॉफ्टवेअरमध्ये म्हणून आईने त्याला माझ्यासोबत धाडलं. दुकानात थर्माकोलचा आणि तापलेल्या धुळीचा वास कोंदला होता, काचेच्या कॅबिनेटांत निळे-जांभळे दिवे फिरत होते. ग्राफिक्स कार्ड मी आधीच ठरवलं होतं. त्याला झेपेल असा दणकट पॉवर सप्लाय मी मागितला, तर दुकानदार अण्णाकडे बघून विचारतो, "सर, कुठला गेम खेळता?" "मी खेळते," मी म्हटलं. ते कानाआड करून तो अण्णाला दिव्यांचे रंग बदलून दाखवत राहिला. अण्णाने माझ्या हातातला सप्लाय परत ठेवला, हलक्यातला उचलला आणि उरलेल्या पैशांत दिव्यांचे पंखे घेतले. मी अडवलं, तर सगळ्यांदेखत म्हणाला, "तू स्वल्प गप्प बस." महिन्याभरात ऐन खेळात तो सप्लाय जळला, जाताना कार्डही घेऊन गेला. "तू खेळतेसच फार," अण्णाने वर मलाच ऐकवलं. काल त्याचा फोन आला. लेकीला गेमसाठी कॉम्प्युटर हवाय, काय काय घेऊ, विचारत होता. मी लगेच होकार दिला, "सरी, फोन तिच्याकडे दे, आणि तू स्वल्प गप्प बस."