माहूरचा गड आणि माझा खुबा
आधी चहा घ्या, अन् हसणार नाही असं कबूल करा. छे, तुम्ही हसणारच! हसा बापडे. अशी फजिती माझी उभ्या जन्मात झाली नव्हती, अन् ती केली कुणी? माझी मीच!

मी लातूरच्या एका शाळेत जन्मभर पीटीची बाई. निवृत्त झाले अन् उजवा खुबा बोंबलायला लागला. मोजे घालता येईनात, रिक्षात चढताना 'आई गं' म्हणल्याशिवाय पाय उचलेना. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "सांध्याची झीज आहे. ऑपरेशनचं मागून बघू, आधी व्यायाम करा."

त्यात किनवटहून लेकीचा फोन! नातीला घेऊन माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचं, सासरची मंडळी येणार. म्हणजे कोण? माझ्या विहीणबाई! माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, अन् गडाच्या पायऱ्या बकरीसारख्या चढतात. त्यांच्यासमोर मी डोलीत बसून जाऊ? चौघांच्या खांद्यावर मी एकदाच जाणार, अन् त्याला अजून लई टाइम हाय!

गेले तडक शबानाकडे. फिजिओथेरपिस्ट आहे, माझीच जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "बाई, झिजलेलं काही भरून येत नाही. पण खुब्याभोवतीचे स्नायू बळकट झाले की दुखणं कमी होतं, चालणं सोपं जातं. काही आठवडे लागतील. रोज करायचं मात्र!"

"शबाना, व्यायाम तू मला सांगतीस?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच गच्चीवर हजर! शेजारची गिरिजा आली. त्यांचं किराणा दुकान आहे. तिचा खुबाही असाच, अन् तीही शबानाचीच पेशंट. "बाई, एकटीनं कंटाळा येतो वो, मी बी तुमच्यासंगं करते." मग शबानाच्याच अजून चौघी-पाचजणी जमल्या. खुर्चीची पाठ धरून पाय बाजूला न्यायचा, उताणं झोपून कंबर उचलायची, खुर्चीतून हात न टेकता उठायचं.

आता मला सांगा, समोर रांगेत बायका उभ्या आहेत, एकीचा पाय इकडं, एकीचा तिकडं. पीटीच्या बाईला हे बघवेल का? ट्रंकेतली शिट्टी काढली!

"गिरिजा, कंबर वाकडी होऊन राहिली!"

"बाई, दुखून राहिलंय."

"थोडं दुखलं तर चालतं! जास्त दुखलं तर कमी कर, पण सोडायचं न्हाई!"

काय सांगू, पहाटे उठून माझा घसा बसायचा, घामानं पदर भिजायचा. अन् काही आठवड्यांत गिरिजा दुकानाची पायरी कठडा न धरता चढली हो! एकजण मांडी घालून नाही, पण पाटावर तरी बसायला लागली. कुणाला जास्त, कुणाला कमी, पण फरक सगळ्यांना.

अन् मला? काडीचाही नाही!

माझं डोकंच सणकलं. तीच गच्ची, तोच व्यायाम, अन् माझाच खुबा जिथल्या तिथं? मग एकदम आठवलं. शबाना सातवीत असताना मी तिला भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. पोरीनं सूड घेतला! मला मुद्दाम चुकीचा व्यायाम दिला!

माहूरला जायला दोन दिवस उरलेले. सगळ्या बायकांना ऑटोत कोंबलं अन् धडकले तिच्या दवाखान्यात.

"शबाना! ह्या साक्षीला आणल्यात. सांगा गं, माझा एक तरी खाडा झाला का?"

"न्हाई बाई, एक बी न्हाई!" सगळ्या एका सुरात.

शबाना बिचारी काळजीत पडली. "बाई, करून दाखवा बरं."

मी मागं वळले. "गिरिजा, दाखव!"

गिरिजानं खुर्ची धरून असा सुरेख पाय बाजूला नेला म्हणून सांगू!

"गिरिजाकाकू नाही, बाई, तुम्ही करा."

मी? बरं. खुर्ची धरली, पाय उचलला. वीतभरसुद्धा गेला नाही अन् किंचाळले.

"बाई, तुम्ही रोज करता ना?"

माझ्याआधी गिरिजाच भोळेपणानं बोलली, "बाई कशाला करतील? बाई खुर्चीत बसून शिट्टी मारतात की."

"अगं पण मला घाम येतो! दम लागतो!"

"तो ओरडून लागतो, बाई," शबाना ओढणी तोंडावर दाबून म्हणाली. "शाळेतही तुम्ही कडुलिंबाखाली खुर्चीतच बसायच्या."

देवाशपथ सांगते, तोवर मला पटलेलंच होतं की व्यायाम मी करून राहिले! अस्सा राग आला स्वतःचा! दोन दिवसांत काही होणार नव्हतं. शबानानं बजावलं, आजपासून सुरू करा, पण गड आत्ता चढायचा नाही.

म्हणजे डोली! माहूरला गडाच्या पायथ्याशी बसले तीत. माझ्या बायका हौसेनं सोबत आलेल्या, त्या विहीणबाईंच्या बरोबरीनं टणाटणा वर निघाल्या.

डोलीवाला त्यांच्या गप्पा ऐकून धापा टाकत विचारतो, "माय, ह्या समद्यांचे खुबे दुखत होते म्हणता? अन् अशा चढून राहिल्या? कोण हो यांची मास्तरीण?"

मी पदर तोंडावर ओढून देवीचं नाव घ्यायला लागले. पण विहीणबाईंचे कान लई तिखट! वरच्या पायरीवरून वळून ओरडल्या,

"त्या काय, तुमच्याच खांद्यावर हायत!"