मंगळवारची थंड चुलाणं

ओडार्टे गेला तो ढोलबंदीचा नववा दिवस. डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडवा झाला आणि उठला नाही. चौतीस वर्षांचा होता.

त्याची मैत्रीण आमेर्ले, तिला ते डेडे मावशीने सांगितलं. दारात उभं राहून, बाजारातला भाव सांगावा तशा आवाजात. पुजाऱ्यांनी मका पेरला की तो वर येईपर्यंत अक्रा शहराच्या या किनारी वस्तीत महिनाभर ढोल वाजत नाही, कर्णे लागत नाहीत, मेलेल्यासाठी मोठ्याने रडताही येत नाही. डेडे मावशी ही ओडार्टेच्या आईची धाकटी बहीण. आई क्वार्ले तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मावशीच्याच हातचं तो जेवत होता. सांगून झाल्यावर मावशीने खांद्यावरच्या कापडाचं टोक दातांत धरलं.

आमेर्ले विद्यापीठात चार वर्षं साहित्य शिकली होती. शेवटच्या वर्षीचा निबंध शोकगीतांवर होता. त्यातली एकही ओळ तिला आठवली नाही.

ओडार्टेचा धंदाच आवाजाचा. मयताला, चर्चला, बारशाला स्पीकरच्या पेट्या भाड्याने द्यायच्या. पेट्या माणसाच्या उंचीच्या. वाजायला लागल्या की तीन गल्ल्यांपलीकडे फळीवरची भांडी सरकायची. बंदीच्या महिन्यात त्यांच्यावर ताडपत्री पडायची आणि हा बेकार. सहा वर्षांपूर्वीच्या अशाच एका रिकाम्या महिन्यात त्याला ते वेड लागलं. जुन्या रेडिओतला मुठीएवढा स्पीकर काढून त्याने तो सार्वजनिक नळामागच्या भिंतीत बसवला. आत त्याच नळावरचा आवाज. बादल्या, पाण्याची धार, नंबरावरून चाललेली भांडणं. इतकं हळू की भिंतीला कान लावल्याशिवाय कळू नये. बंदी पाळली जाते का बघणारे पंच आले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, काहीच ऐकू येईना म्हणून परत गेले.

मग दर वर्षी एक जागा. जिन्याखाली, शाळेच्या बाकाला, न्हाव्याच्या खुर्चीमागे.

लोक हसायचे. "मयताला कान फोडतो, आणि हौसेचं काम असलं की ऐकूच येत नाही," न्हावी म्हणायचा.

"मेलेल्याला कमी ऐकू येतं," ओडार्टे म्हणायचा. "तुला काय झालंय?"

त्याचे नियम दोनच. आवाज जिथून घेतला तिथेच परत ठेवायचा. आणि आपला स्वतःचा आवाज त्यात राहू द्यायचा नाही. रेकॉर्डर सुरू करताना तो जागा आणि वार बोलायचा. नंतर तेवढं कापून टाकायचा. एका कलादालनातल्या बाई एकदा त्याला बोलावायला आल्या होत्या. मोठी खोली देतो म्हणाल्या, थंड हवेची. "नळ तिकडे आणता येईल का?" त्याने विचारलं. बाई हसल्या. तो हसत नव्हता.

या कामाच्या पाट्या आमेर्ले लिहून द्यायची. पहिल्या वर्षी तिने बारा ओळी लिहिल्या. त्याने वाचल्या, कागदाची घडी केली, खिशात ठेवली.

"छान आहे. पण लोक उभं राहून वाचत बसतील."

"मग काय लिहू?"

"'वाका' एवढं लिही."

तेव्हापासून पाटीवर तेवढंच असायचं.

एक काम मात्र त्याचं राहून गेलं होतं. चार वर्षांपूर्वीपर्यंत किनाऱ्यावर सात बायकांची सात चुलाणं होती. मातीची, चौकोनी, त्यांवर जाळ्या रचून त्या मासे धुरवायच्या. बंदराच्या कामासाठी ती जागा मोकळी करायची ठरलं. त्याआधीचा आठवडाभर ओडार्टे तिथे रेकॉर्डर घेऊन बसला. मग चुलाणं गेली, तिथे पत्र्याचं कुंपण आलं, आणि त्या आवाजांना परत ठेवायला जागाच उरली नाही. यंदा लावतो, असं तो बंदीच्या पहिल्या दिवशी म्हणाला होता. कुठे, ते आमेर्लेने विचारलं नव्हतं. सांगेलच, असं तिला वाटलं होतं.

त्याच्या खोलीत दूधपावडरच्या डब्यात सात स्पीकर निघाले. तारा जोडलेल्या, प्रत्येकावर एकेका बाईचं नाव. डब्याच्या तळाशी त्या आठवड्याची रेकॉर्डिंगं; त्याचं सुरुवातीचं बोलणं तेवढं कापायचं राहिलेलं.

एकवीस दिवस हातात होते. बंदी उठली की ढोल सुरू होणार; मग असला आवाज कोणाला ऐकू येतोय? बंदीत कोणाला पुरत नाहीत, म्हणून ओडार्टेही तोवर शवागारातच राहणार होता. त्याला पुरायच्या आधी हे लागलं पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. दुसरं काही कळत नव्हतं.

तिने स्पीकर पत्र्याच्या कुंपणाला बांधले. जुन्या जागेच्या त्याहून जवळ जाताच येत नव्हतं. मग मावशीला घेऊन आली. पलीकडे ट्रक मागे घेत होते. मावशीने उभ्यानेच पत्र्याला कान लावला.

"हे कुठे लावलंस?"

"तुमची चुलाणं होती तिथे."

"इथे मी कचरा टाकायचे," मावशी म्हणाली. "आणि असं ताठ उभं राहून काय ऐकायचं? आम्ही चुलाणात डोकं घालून बोलायचो. डोळे मिटून, धूर लागायचा म्हणून. चार वर्षं पुस्तकं वाचलीस ना गं पोरी."

आमेर्लेने स्पीकर सोडवून परत डब्यात ठेवले. दिवस जात राहिले. ती रोज मावशीच्या अंगणात जाऊन बसायची. मावशी आंबवलेल्या मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा पुढे करायची. ती अर्धं खायची.

अशाच एका दुपारी मावशी अंगणातल्या चुलाणाची भेग लिंपत होती. शेजारी बादलीत काळपट माती भिजवलेली.

"ही माती कुठली?" आमेर्लेने विचारायचं म्हणून विचारलं.

"जुन्या चुलाणाची. थोडी उरवून ठेवलीय."

"किनाऱ्यावरच्या?"

"मग? जुनं फोडलं की त्याची माती नव्यात घालायची. नाहीतर नवं चुलाण मासा कडू करतं. ट्रकवाला ओरडत होता आणि आम्ही बादल्या भरत होतो."

"सातहीजणी?"

"मी एकटीनेच गोड मासा विकला असता तर बाकीच्यांनी मला जगू दिलं असतं का?"

आमेर्लेच्या हातातला घास तसाच राहिला. "ओडार्टेला हे माहीत होतं?"

"त्यानेच तर माझी बादली उचलून आणली. पाठ धरली त्याची. तीन दिवस कण्हत होता, म्हणे पेट्यांनी कधी धरली नाही." मावशीचा लिंपणारा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

म्हणजे जागा गेलीच नव्हती. सात अंगणांत वाटली गेली होती. त्याला ते माहीत होतं आणि तिने विचारलं नव्हतं.

पेटत्या चुलाणात स्पीकर ठेवता येत नाही. पण मंगळवारी इथे कोणी समुद्रावर जात नाही, तो दिवस समुद्राचा. मासा येत नाही, चुलाणं थंड असतात. बंदीतला एकच मंगळवार उरला होता.

आमेर्ले सात घरं फिरली. सहाजणी हो म्हणाल्या. सातवी, लामिले, घाबरली. पंच आले तर दंडाला बकरा मागतील, कुठून देऊ? मावशी स्वतः गेली तिच्याकडे.

"तुझ्या चुलाणात बोलतंय कोण? तूच ना? स्वतःशी बोलायला बंदी आहे का?"

"मी तेव्हा काय बोलले असेन कोणास ठाऊक," लामिले म्हणाली.

"मला ठाऊक आहे. माझ्याबद्दलच बोलली असशील. लावू दे."

मंगळवारी सकाळी आमेर्लेने राख काढली, स्पीकर आत ठेवले, सात पाट्या लावल्या. वाका. दहा वाजेपर्यंत बायका येऊ लागल्या. स्वतःच्या चुलाणाशी कोणी थांबेना, आधी दुसरीच्या. गुडघे टेकायच्या, डोकं आत घालायच्या. आत लाकडं तडतडत होती, जाळी सरकत होती, कोणीतरी कोणाच्या नवऱ्याची नक्कल करत होतं. बायका तोंडावर हात दाबून हसत होत्या. पंच आले. त्यांतला एक म्हातारा वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मग गुडघे झटकून, बकरा न मागता गेला.

मावशी दिवसभर आपल्या चुलाणाकडे फिरकली नाही. दुपार कलल्यावर, अंगण रिकामं झाल्यावर ती आली आणि खाली बसली.

आत काय आहे ते आमेर्लेला माहीत होतं. क्वार्ले आणि डेडे, दोघी बहिणी, लाकडांवरून भांडतायत. ओलं लाकूड आणलंस, म्हणते क्वार्ले. तू आलीस म्हणून ओलं झालं, म्हणते डेडे. मग दोघी खोकतात, आणि खोकता खोकता हसतात.

मावशीचं डोकं आत गेलं. पाठ दोनदा हलली. बाहेर काही ऐकू आलं नाही. आवाज परत पहिल्यापासून सुरू झाला असेल, तीनदा, चारदा. ती बाहेर आली तेव्हा तोंडावर राख होती आणि राखेत दोन ओले ओघळ.

"तो कुठे आहे यात?" तिने विचारलं.

"तो नाही मावशी. स्वतःचा आवाज तो कापून टाकायचा. मीही नाही ठेवला."

मावशीने हाताच्या पाठीने तोंडावरची राख पुसली.

"आम्ही मधेच थांबतो बघ," ती म्हणाली. "हसून झाल्यावर. तेव्हा क्वार्लेने त्याला मासा दिला होता, मधला तुकडा. गरम होता. आवाज येऊ नये म्हणून त्याने तो तसाच तोंडात धरून ठेवला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, तरी चावला नाही. आम्ही बघत होतो."

आमेर्ले गुडघ्यांवर बसली आणि वाकली. भांडण झालं. खोकला झाला, हसू झालं. मग ती जागा आली. लाकूड एकदा तडकलं. त्यानंतर पाच-सहा श्वासांएवढं काहीच नव्हतं. तिने आपला श्वास धरला.

तिने मान काढली तेव्हा मावशी अंगणाच्या कोपऱ्यात सरपण वेचत होती.

"झालं का? तार काढून घे," ती म्हणाली. "उद्या मासा येईल."