मोपेडचं सीमोल्लंघन

दसऱ्याला मोपेडवर लातूरला जायचं ठरलं ते भांडणातून. सासऱ्यांची जुनी टू-स्ट्रोक मोपेड आमच्या नांदेडच्या घरात दारातली जागा अडवून बसलेली. मला तिथे माझी स्कूटी लावायची होती आणि आमच्या ह्यांना ती मोपेड हलवायची नव्हती. शेवटी पैज लागली. मोपेडनं आम्हा दोघांना घेऊन, चालू इंजिनावर जिल्ह्याची हद्द ओलांडली, तर ती दारात राहील. नाहीतर भंगारात जाईल. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचंच असतं, ते तीही करून दाखवू दे म्हटलं.

खंडेनवमीची तिची पूजा मी स्वतः केली. निरोपाचाच हार आहे, तर हात आखडता कशाला? झेंडूचा भरगच्च हार हँडलपासून सीटखालपर्यंत गुंडाळला. हे भलतेच खूश झाले. सुनेला अखेर प्रेम आलं असं त्यांना वाटलं असावं.

सकाळी निघालो. मोपेडवर जाणार असाल तर घाई सोडा आणि ट्रकना वाट द्या. रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्यात चाक घालू नका. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल सगळीकडे मिळेलच असं नाही, म्हणून बाटली जवळ ठेवा. लोह्यात गरम भजी खाल्ली. तिथवर मोपेड इतकी गुणी वागली, की मला काळजी वाटायला लागली.

माळाकोळीच्या पुढे, हद्दीची पाटी दिसेल अशा टपरीवर चहाला थांबलो. चहा झाला आणि मोपेड सुरू होईना. ह्यांनी ती स्टँडवर चढवून पायडल मारून मारून घाम गाळला. मी शांतपणे दुसरा चहा सांगितला.

टपरीवर बसलेले एक आबा उठून आले. त्यांच्या सांगण्यावरून प्लग काढला. इंजिनाला टेकवून पायडल मारलं तर ठिणगी चांगली निळी पडत होती. प्लग मात्र पेट्रोलनं ओलाचिंब.

"लई पिली हाय ही," आबा म्हणाले. "वाकडी करा, उतरंल."

वाकडी केली. प्लग पुसला, पॉलिश पेपरनं घासला, परत बसवला. दोनदा फटफटली आणि गप्प. प्लग काढला तर पुन्हा ओला. ढकलत हद्दीपार नेली तर चालेल का, असं ह्यांनी मला विचारून पाहिलं. चालू इंजिन ठरलंय, असं मी बजावलं.

मग ह्यांनी रुमालानं सीट पुसली आणि आबांना हळूच विचारलं, "अहमदपुरात भंगार कुठं घेतात?"

मी चहाचा कप खाली ठेवला. जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला.

मी सातवीला विज्ञान शिकवते. जळायला तीन गोष्टी लागतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. ठिणगी होती, पेट्रोल तर नको इतकं होतं. राहिली हवा. वाकून सीटखाली पाहिलं, तर एअर फिल्टरचं तोंड झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च भरलेलं. माझाच हार. गप्प बसले असते तर स्कूटीची सोय झाली असती.

"अहो," मी म्हटलं, "पाना आणा इकडं."

आबांनी मूठभर पाकळ्या निघताना पाहिल्या आणि हसू दाबत म्हणाले, "नाकात फुलं कोंबल्यावर श्वास कुठून घ्यावा तिनं, ताई?"

फिल्टर झटकला. प्लग काढून ठेवून पायडल मारत साचलेलं पेट्रोल बाहेर काढलं. कोरडा प्लग बसवला आणि दुसऱ्याच पायडलला मोपेड पांढरा धूर सोडत सुरू झाली. हद्दीची पाटी चालू इंजिनावर मागे पडली. मागून मला ह्यांचे हसण्यानं फुगलेले गाल दिसत होते.

लातुरात मावशीकडे सोनं दिलं-घेतलं आणि बाजारात झणझणीत चटणीबरोबर निलंगा राईस खाल्ला. लातूरला गेलात तर तो चुकवू नका. दुसऱ्या दिवशी त्याच मोपेडवर, हाराशिवाय, परत आलो.

माझी स्कूटी अजून गल्लीत उन्हात उभी असते. परवा भंगारवाला ओरडत आला, आमच्या दारापाशी थांबला आणि मोपेडकडे बघायला लागला. हे आंघोळीला गेले होते. मी उठले आणि फाटक लावून घेतलं.