शोभाने पकडलेला ठग

हसा, पण मध्ये थांबवू नका. माझी फजिती मी एकदाच सांगतो.

मी कारखान्याच्या सेफ्टी विभागातून रिटायर झालेला माणूस. नोकरी सुटली, भाषण सुटलं नाही. आता रुआबांध्याच्या आमच्या कॉलनीत ऑनलाइन ठगांवर बोलतो. अनोळखी नंबरवर भरवसा नको, घाईने पैसे नको, आवाजाचीही नक्कल होते, आणि गोड बोलणारा दिसला की आधी सावध! घरी बायको, शोभा, हे सगळं रोज ऐकते. ऐकते म्हणजे, मला वाटायचं ऐकत नाही.

परवा सुपेल्याच्या बाजारात स्कूटर पंक्चर झाली. मिस्त्रीने ट्यूब पाण्याच्या टबात बुडवली. बुडबुडे कुठून येतात ते बघायला मी वाकलो. सवय हो, इन्स्पेक्शनची! खिशातला फोन थेट टबात. फोन गेला म्हणजे पैसेही गेले, कारण पाकीट मी हल्ली नेतच नाही.

मिस्त्रीच्या फोनवरून घरी लावला. बायकोचा नंबर पाठ आहे, तेवढा तरी मी गुणी.

"शोभा, मी बोलून राहिलो. फोन पाण्यात पडला. या नंबरावर शंभर रुपये पाठव, लवकर."

"नवीन नंबर. पैशाची घाई. अजून काय पायजे, ओटीपी?"

"अवं, आवाज तरी ओळख माह्या!"

"आवाज त त्याहीचाच वाटते," ती जरा नरमली.

इथेच गप्प बसायचं ना? पण मला वाटलं, लोखंड तापलंय. म्हटलं, "शोभा, राणी माझी, सकाळचा तुझा उपमा काय झाला होता!"

पलीकडून ती कडाडली. "ठेव फोन, चोट्टा कुठला!"

पुन्हा लावला तर नंबर ब्लॉक. ब्लॉक करणंही मीच शिकवलेलं.

बायकोनेच ओळखलं नाही, हे मिस्त्रीने ऐकलं होतं. "कका, घरवाली नइ चिन्हिस का?" मग पैसे उद्यावर ठेवून स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. "जा, काली दे देबे." नाव नाही विचारलं, गाव नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

घरी आलो तर अंगणात शेजारणी जमलेल्या, मधोमध शोभा.

"अवो, आज म्या ठग पकडला! तुमचा आवाज काढून राहिला होता, हुबेहूब. मी पैसे पाठवतच होती."

"मग ओळखलं कसं?" मी घसा खाकरून विचारलं.

"मले राणी म्हणे. उपम्याची तारीफ करे. म्हटलं, तीस वर्सात नाही केली, आता कावून करतीन? हे आमचे नाहीच."

शेजारणींनी माना डोलावल्या. एकीने तर, तुमच्या शिकवणीमुळेच वाचली बिचारी, असं म्हणून मला हातही जोडले. मी तेवढ्यापुरता नमस्कार घेतला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचे पैसे गुपचूप देऊन आलो.

शोभाने चहा आणून दिला. आलं घातलेला, कडक, फारच सुरेख झाला होता. तसं सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. घरात घेतलंय तर कशाला संशय वाढवा?