भिंतीवरचा काळा पट्टा

आमच्या जिन्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट पट्टा उमटतो. आत्याच्या तळहाताचा. गुडघे गेल्यापासून ती भिंत चाचपतच उतरते. दर दिवाळीला बाबा त्यावर रंग मारतात आणि वर तिलाच दटावतात, "ताई, हात लावू नकोस हं, रंग ओला आहे." मग घरभर फराळाचा वास सुटलेला असताना ही बाई वरच्या खोलीत बसून राहते!

यंदा आत्याला धरायला कठडा बसवायचा म्हणून मी त्या ताज्या रंगावरच ड्रिल लावलं.

"अरे, पाहुणे येतायत! दवाखाना वाटेल घर!" बाबा ओरडले.

वाटू दे! टीव्ही टांगायला हॉलची भिंत फोडली, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. आपल्याला भिंतीवरचा डाग लगेच दिसतो. त्या डागापायी वर अडकलेलं माणूस मात्र सणासुदीलाही दिसत नाही. आणि याला आपण टापटीप म्हणतो!

ब्रॅकेट आवळले, पाइप चढवला, त्याला लोंबकळून पाहिलं. हलला नाही. आत्या पाइप धरून सावकाश उतरली आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

"सरक रे बाळ्या," ती दारात उभ्या बाबांना म्हणाली, "वर पाठवता त्या चकल्या मऊ पडलेल्या असतात. आज मी कढईजवळ बसून खाणार."