सोवळ्यातला एक्झिमा

माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. आमची कुलदेवी कानबाई त्या श्रावणात आमच्या उधन्याच्या घरी बसली होती, असं मला वाटतं. बायको म्हणते, नाही, चलथाणला चुलतभाऊ रघुनाथकडे. असेल. घर कुणाचंही असो, घोळ मात्र संपूर्ण माझा होता. हसू आलं तर खुशाल हसा. मला अजून येत नाही.

झालं असं, की माझ्या कमरेवर एक गोल लाल चट्टा उठला. खाज अशी, की चारचौघांत बसायची सोय नाही! मी मुळात भित्रा माणूस. प्राध्यापकी केली, डॉक्टरेट मिळवली, पण शिंक आली तरी मला न्यूमोनिया आठवतो. आता असा माणूस सरळ डॉक्टरकडे जाईल ना? छे! तो वाचत बसतो.

एक्झिमाचे प्रकार किती, ठाऊक आहे तुम्हाला? एक लहानपणापासून चिकटलेला, दमा-अॅलर्जीच्या घराण्यातला. एक साबण, रसायनं अंगाला लागून होणारा. एक तळहातांवर बारीक फोडांचा, एक पायांतल्या फुगलेल्या शिरांमुळे, एक डोक्यात कोंड्यासारखा. आणि एक नाण्यासारखा गोल!

माझा चट्टा गोल. झालं निदान! मेडिकलवाल्याकडून खाजेचं मलम आणलं. चार दिवस आराम पडला. म्हणजे निदान अगदी बरोबर, नाही का?

आता आमच्या भाऊबंदांची एक रीत सांगतो. कानबाईच्या पूजेला सगळ्यांत मिळून एकच रेशमी सोवळं. ते साबणाने धुवायचं नाही, नुसतं वाऱ्यावर टाकायचं. आधी मी नेसायचं, कारण मी थोरला. मग रघुनाथ, मग सगळ्यांत धाकटा सुखदेव.

"अहो, कमरेला ते तसलं असताना सोवळं नेसता?" बायको म्हणाली. "दुसऱ्यांना लागलं म्हणजे?"

"एक्झिमा संसर्गजन्य नसतो," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. वर प्रकारही समजावून सांगितले. तोवर नैवेद्याचे रोट थंड झाले.

आणि ऐका, ते वाक्य शंभर टक्के खरं आहे. एक्झिमा एकाचा दुसऱ्याला होत नाही. फक्त मला एक्झिमा नव्हता!

काही दिवसांनी रघुनाथचा फोन. "दादा, कंबरेला खाज सुटलीय. तुमच्यासारखीच."

"तू साखर कारखान्यात ना? मळी लागून झाला असेल. संपर्काचा प्रकार."

"कंबरेला मळी कशी लागेल, दादा? मी तिथे ऑफिसात बसतो."

"मग घामाचा," मी म्हणालो. माझ्याकडे प्रकारांना काय तोटा?

मग सुखदेवचा. तो इच्छापोरला एका रसायनाच्या कारखान्यात कंत्राटी कामावर. "दादा, मना कंबरले बी खाज सुटनी."

रसायनं! याचा प्रकार सगळ्यांत वाईट! मी त्याला लांबलचक समजावलं. म्हटलं, सुखदेवा, ही नोकरी सोड. जिवापुढे नोकरी काय? तो "हा दादा, हा दादा" म्हणत राहिला. त्याची दोन मुलं शाळेत, बायको घरी. तरी सांगितलं मी. एवढा आत्मविश्वास मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

तेवढ्यात माझा चट्टा मलमाला न जुमानता पाठीवर पसरला. बायकोने ओढतच त्वचेच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिने भिंगातून पाहिलं, कडेची खरवड काढून तपासली.

"काका, आ तो धाधर छे."

गुजरातीत धाधर म्हणजे गजकर्ण. मी म्हटलं, "बेन, हा नाण्यासारखा एक्झिमा आहे. मी वाचलंय."

"दिसतात सारखेच, म्हणून तर तपासायचं. ही बुरशी आहे. त्या मलमाने आणखी फोफावली. घरात कुणाचे कपडे वापरले का?"

बायको माझ्याकडे बघत होती.

"काका, तुम्ही प्रोफेसर ना? विषय कोणता?"

"वनस्पतिशास्त्र."

"अरे वा! डॉक्टरेट कशावर?"

काय सांगू? खोटं बोलता येत नाही मला. "बुरशीवर," मी म्हणालो.

त्या बाई फार सभ्य. त्यांनी लगेच खाली बघून औषध लिहायला घेतलं.

बाहेर येऊन आधी सुखदेवला फोन लावला. "अरे, साधं गजकर्ण आहे! औषधाने जाईल. नोकरी सोडू नकोस!"

"सोडी दिनी ना, दादा. शुक्रवारलेच."

मी फोन ठेवला. पुढे एक शब्द विचारायची छाती झाली नाही.

गजकर्ण सगळ्यांचं बरं झालं. सोवळं ज्याचं त्याने आणायचं ठरलं. मी मात्र त्यानंतर प्रत्येक कानबाईला मागे, चपलांपाशी बसलो. सुखदेव जवळ आला की मी पाणी प्यायला उठायचो. एका माणसाच्या तोंडची भाकरी आपण आपल्या विद्वत्तेने काढून घेतली, हा विचार जेवताना यायचा, आरतीतही यायचा. दुसऱ्यांना औषधाचं नाव सांगणं मी बंद केलं. पुढेपुढे वेळ सांगतानाही दोनदा घड्याळ बघायला लागलो.

बरीच वर्षं गेली. गेल्या श्रावणात सुखदेवनेच मला चपलांपाशी गाठलं. मग माझा बांध फुटला. "सुखदेवा, माझ्यामुळे तुझी नोकरी गेली रे."

"कोणती?"

"इच्छापोरची! मी सोड म्हणालो ती!"

"ती? अहो दादा, भेस्तानला घराजवळ कायमचं काम मिळालं होतं. कानबाईच्या आधीच ठरलं होतं सगळं."

मला खरं वाटेना. त्याच्या बायकोला वेगळं गाठून विचारलं. तिने तेच सांगितलं.

मी परत त्याच्याकडे आलो. "मग फोनवर हा दादा, हा दादा कशाला म्हणत होतास?"

"काय करू, दादा? जेवणाची सुट्टी संपत आली होती, आणि तुम्ही अजून तिसऱ्याच प्रकारावर होता."